पाय नसलेल्या मुलाच्या चालण्याविषयी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा, दोन्ही पाय खऱ्या जमिनीवर टेकवून केलेला, साष्टांग नमस्कार. (साष्टांग खरं तर आडवं पडून घालायचा असतो. पण गेल्या रविवारपासून मी आडवा झालो की खोली हलते, म्हणून सध्या उभ्यानंच गोड मानून घे.)

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं लिहून दिलेले व्यायाम करतेस, की त्या कागदावरच्या त्याच्या चुका तेवढ्या दुरुस्त करून ठेवल्यास? मुख्याध्यापिका निवृत्त होतात, त्यांची तांबडी शाई होत नाही, हे मी लहानपणापासून सोसत आलोय. इकडे सर्व ठीक. माझ्या उजव्या पायाचा अंगठा सुजला आहे, पण त्याची हकिकत ओघात येईल. तुझी भावजय फार मजेत आहे. तिच्या मजेचं कारणही ओघात येईलच, ते मीच आहे.

आता तू सोपवलेली कामगिरी. आपली भिंगरी सातासमुद्रापार नोकरीला गेली, तिथं तिनं आपणहून एक मुलगा पसंत केला, आणि तिनं सांगण्याआधीच ते तुला भलत्याच माणसाकडून कळलं, तेव्हापासून तू पोटच्या पोरीशी अबोला धरून बसली आहेस. त्या मुलाचं नाव तर तुझ्या घरात कुणी घ्यायचं नाही ('तो कोण तो' एवढ्यावरच त्याची बोळवण). पण त्याची परीक्षा मात्र व्हायला हवी, आणि परीक्षक कोण, तर मी. का, तर उभा जन्म मी नाटकांच्या मागं काढला, कुठल्या नटानं कुठं उभं राहायचं त्याच्या खुणा रंगमंचावर करत आलो, आणि एकदा तुझ्याच घरी जेवताना फुशारकी मारून बसलो की माणूस उभा कसा राहतो आणि चालतो कसा, एवढं पाहून मी त्याचा स्वभाव सांगतो. ते तू बरोब्बर लक्षात ठेवलंस. तुझं पत्र आलं: उभा राहतो कसा, चालतो कसा, नजरेला नजर देतो की नाही, तेवढं बघून खरं खरं कळव, तुझं उत्तर आलं की पोरीशी बोलायचं की नाही ते मी ठरवीन. म्हणजे उंटावरून शेळ्या तू हाकणार, आणि शेळ्यांमागं धावणार मी.

त्या दोघांना इकडं यायला इतक्यात रजा नाही. फोनवर बघावं तर हनुवटीखालचा माणूस दिसत नाही. तेव्हा भिंगरीनंच तोड काढली. ती आणि तो मुलगा एकाच ठिकाणी कामाला आहेत हे तुला ठाऊक आहे. त्यांचं काम असं, की जी घरं अजून बांधलीच नाहीत त्यांत गिऱ्हाइकांना फिरवून आणायचं. (आपल्याकडं बांधलेल्या घरात पाहुण्यांना फिरवणं जीवावर येतं, ते वेगळं.) त्यासाठी डोळ्यांवर बांधायचं एक डबडं असतं आणि दोन हातांत धरायच्या दोन मुठी. तिनं तो सगळा संच मला पाठवून दिला. डबडं चढवलं की आपलं घर नाहीसं होतं आणि दुसरंच घर दिसू लागतं. मान वळवली की बाजूची भिंत दिसते, वाकलं की टेबलाखालचं दिसतं, आणि आपण एक पाऊल पुढं टाकलं की तिथंही एक पाऊल पुढं जातो. मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? हे तर मी वर्षाचा असल्यापासून करतोय.

तर ते डबडं सुरुवातीलाच विचारतं, जमीन कुठं आहे? मूठ खाली टेकवून त्याला जमीन दाखवायची, म्हणजे आपली उंची त्याला कळते. प्रश्न साधा होता. पण तुझ्या भावजयीनं नुकतीच फरशी पुसली होती, आणि ओल्या फरशीवर माझे पाय उमटलेले तिला चालणार नव्हते. मी म्हटलं, सपाट असलं म्हणजे झालं, आणि मूठ जेवणाच्या टेबलावर टेकवली. डबड्यानं मुकाट्यानं ऐकलं. (यंत्राचा स्वभाव अगदी संसारी नवऱ्यासारखा असतो, सांगाल त्याला हो म्हणतं आणि नंतर निस्तरावं आपल्याला लागतं.) टेबल म्हणजे जमीन असं एकदा त्यानं धरल्यावर, टेबलाच्या खाली जेवढा म्हणून मी होतो तो हिशेबातून गेला.

मग त्यानं रेघ मागितली. आपल्याभोवती जेवढी मोकळी जागा असेल तिच्या कडेनं हवेतल्या हवेत रेघ ओढायची. पुढं कधी त्या रेघेपाशी आलो की डोळ्यांपुढं जाळी उभी राहते, म्हणजे भिंतीवर कपाळमोक्ष होत नाही. आता मोकळी जागा म्हणजे काय, हे कुणालाही कळेल. पण मी पडलो नेपथ्यवाला. आमच्यात टेबल-खुर्च्या जागा अडवत नसतात, त्याच जागा असतात. मिट्ट काळोखात पलंग उचलून, कपाटाला वळसा घालून, कुठंही न धडकता विंगेत जाणारा माणूस मी. घरचं स्टूल मला अडवणार? तेव्हा मी रेघ ओढली ती स्टूल, शिवणयंत्र आणि कपडे वाळत घालायचा घोडा यांना पोटात घेऊन. वर सवयीनं फरशीवर चिकटपट्टीच्या खुणाही केल्या: इथं मी, इथं भिंगरी, इथं मुलगा. नटांना मी नेहमी सांगतो, खूण सोडू नका, प्रकाश तुम्हाला शोधत येईल. तेच मी स्वतःला सांगितलं आणि डबडं चढवलं.

समोर ऐसपैस दिवाणखाना, मोठाल्या खिडक्या, खिडक्यांबाहेर बाग, आणि मधोमध आपली भिंगरी. म्हणजे बाहुलीच, गालावर हसू कायमचं रंगवलेलं. पण मान तिरकी करायची ढब तीच गं, ताई. मी हरखून हाक मारली. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि मग खाली पाहिलं. चौकातला अर्धपुतळा कुणीतरी उतरवून फरशीवर आणून ठेवावा तसा तिचा मामा तिच्यापुढं ठेवलेला होता. तिला हसू आवरेना. तेवढ्यात 'तो कोण तो' आला, आणि मला पाहताच खाली बसला. अगदी फरशीला टेकून, माझ्या डोळ्यांच्या रेषेत. मी मनातल्या मनात तुझ्या कागदावर शेरा मारला: उभं राहता येत नाही, आल्या आल्या बसतो.

मी त्याला फर्मावलं, जरा उभं राहा बघू. तो उठला. आणि ताई, मी डोळे चोळणार होतो, पण डोळ्यांवर डबडं होतं. मुलाला पाय नाहीत! शर्ट संपतो तिथं मुलगा संपतो, त्याखाली नुसती हवा आणि हवेखाली गालिचा. मी मुकाट्यानं भिंगरीकडं वळलो, तर तिचीही तीच गत. माझ्या मनात आलं की परदेशातल्या हवेनं... पण तिनं लगेच समजावलं. डबडं डोक्यावर असतं, मुठी हातांत, तेव्हा डोकं आणि हात कुठं आहेत हे यंत्राला नेमकं कळतं. पाय कुठं आहेत ते कळत नाही. आणि जे आपल्याला ठाऊक नाही ते दाखवायचं नाही, असा त्या यंत्राचा बाणा आहे. (आपल्या भाऊबंदांपैकी काही जणांनी हा बाणा उचलला तर किती भानगडी मिटतील.) म्हणजे उभं राहणं गेलं, चालणं गेलं. राहता राहिली नजर. तर डोळे रंगवलेले, आणि पापण्या आपोआप मिटणाऱ्या. तिन्ही विषयांच्या प्रश्नपत्रिका घेऊन परीक्षक हजर, आणि विद्यार्थ्याला तिन्ही विषय नाहीत!

तरी म्हटलं चार पावलं चालून तर बघू. पण माझी खोली केवढी, ते घर केवढं. आपल्या पायांनी चालत गेलो तर दोन पावलांत जाळी. पुढं जायचे दोन मार्ग. एक, अंगठ्यानं मुठीवरचं बटण ढकलायचं, की आपण जागच्या जागी उभे आणि घर मात्र अंगावर सरकत येतं. दुसरा, हातातून प्रकाशाची एक कमान फेकायची. ती जिथं पडेल तिथं गोल चकती दिसते, बटण सोडलं की आपण थेट त्या चकतीवर. भिंगरी म्हणाली, मामा, उडीच मार, तिनं घेरी येत नाही. मला ती रीत पटलीही. नाटकात तेच असतं. दिवे गेले, दिवे आले, प्रवेश बदलला. फक्त नाटकात कोण कुठं जाणार हे मी ठरवत असतो, इथं माझा हात ठरवत होता. पहिल्या उडीत मी तिथल्या एका टेबलावर उभा. दुसऱ्या उडीत मी जिथं तो मुलगा उभा होता नेमका तिथं, म्हणजे त्याच्या आत. त्याच्या शर्टाच्या आतल्या बाजूनं मी दिवाणखाना पाहिला. मुलाच्या अंतरंगात शिरावं म्हणतात, पण पहिल्याच भेटीत इतकं नाही. बरं, घुसलो मी, आणि मागं सरून माफी मागितली त्यानं.

या उड्यांत फरशीवरच्या माझ्या खुणांची काय शोभा झाली ते सांगत नाही. माझे पाय होते 'इथं मी' या खुणेवर, आणि मी होतो पार जिन्यापाशी. त्यात भिंगरी म्हणे डावीकडं वळ. मी विचारलं, कुणाची डावी, नटाची की प्रेक्षकांची? हा प्रश्न तिला कळेना. मग मी अंगठ्यानंही वळलो आणि अंगानंही वळलो, म्हणजे दुप्पट वळलो. पुढचं तुझ्या भावजयीच्या तोंडून ऐक (ती शेजारणीला सांगत असते, तेव्हा सगळी आळी ऐकतेच): मी म्हणे शिवणयंत्रापुढं कमरेत वाकून उभा होतो आणि त्याला विचारत होतो, तुमच्या घरी कोण कोण असतं? त्यानं उत्तर दिलं नाही म्हणून पाऊल पुढं टाकलं, तोच त्या स्टुलानं पायाच्या अंगठ्याचा समाचार घेतला. मी बोंब मारली. ती बोंब सातासमुद्रापार स्पष्ट ऐकू गेली, कारण आवाजाच्या बाबतीत ते यंत्र काही म्हणजे काही लपवत नाही. तू म्हणशील नाचता येईना अंगण वाकडं. ताई, अंगण वाकडं नव्हतं, पण अंगणात स्टूल होतं आणि ते दिसत नव्हतं.

वेदनेच्या भरात मी हात झटकला आणि त्यासरशी शेवटची उडी पडली ती बागेत, तळ्याच्या मधोमध. बुडालो नाही, भिजलो नाही, पाण्यावर तसाच उभा. पण चारी बाजूंना पाणी, खाली पाहावं तर आपले पायही नाहीत. माझी पाचावर धारण बसली. पुन्हा उडी मारायचा धीर होईना. डबडं काढून फेकणार इतक्यात तो मुलगा तळ्याच्या काठावर आला आणि हळूच विचारलं, मामा, नाटकात तुम्ही नेमकं काय काम करता? आता हा काय प्रश्न विचारायची वेळ? पण आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की मी बुडताना सुद्धा सांगेन. सांगितलं. चाकांच्या फळ्यांवर अख्खं घर उभं करून आम्ही ते विंगेतून रंगमंचावर कसं ढकलत आणतो, तेही सांगितलं. तो म्हणाला, मग तुम्हाला हे आमच्याआधी यायला हवं. तुमची खोली ही ती चाकांची फळी आहे असं समजा. पायांनी चालता ते फळीवरच्या फळीवर, म्हणून लवकर कड येते. अंगठ्यानं ढकलता ती अख्खी फळी. आणि उडी म्हणजे अंधारात फळी उचलून दुसरीकडं ठेवली.

ताई, भिंगरीनं तासभर डोकं फोडून जे शिरलं नव्हतं ते त्या चार वाक्यांत शिरलं. मग त्यानं मला डबडं काढायला लावून खरी जमीन दाखवायला लावली (फरशी एव्हाना वाळली होती), स्टूल वगैरे मंडळींना रेघेबाहेर काढायला लावलं, आणि खुर्चीवर बसून अंगठ्यानं चाला म्हणाला. सुरुवातीला दे माय धरणी ठाय. डोळे म्हणतात चाललोय, ढुंगण म्हणतं बसलोय, आणि दोघांच्या भांडणात पोट ढवळून निघतं. तो म्हणाला, लांबच्या त्या झाडाकडं बघा, सरळ जा, आडवं सरकू नका, वळायचं तर एकेक टप्प्यानं वळा. आणि तो माझ्या शेजारून, माझ्याच चालीनं, चालत राहिला.

आम्ही काठ गाठला आणि अख्ख्या तळ्याला फेरी मारली. मी रंगात आलो, त्याला पडदा अर्ध्यात अडकल्याची गोष्ट सांगितली, राजाचं सिंहासन चुकीच्या अंकात गेल्याची सांगितली. आधी तो खळखळून हसत होता. मग नुसता हसू लागला. मग 'हो का', मग 'हं', आणि शेवटच्या वळणावर तर नुसता श्वास. मी मनात दुसरा शेरा मारला: शिष्ट आहे, वडीलधाऱ्यांचा कंटाळा येतो. काठावरच्या एका बाकापाशी पोहोचलो आणि त्याची बाहुली एकाएकी मान टाकून, हात लोंबते ठेवून थिजली. मी तिला उद्देशून चार शब्द सुनावणार, तोच भिंगरी जवळ आली. म्हणाली, मामा, तो इथं नाहीये, न्हाणीघरात उलटी करतोय. त्याला अंगठ्यानं चालणं मुळीच सोसत नाही, कामातसुद्धा तो फक्त उड्या मारतो, सगळे चिडवतात त्याला. मी म्हटलं, मग आज का चालला? ती म्हणाली, तुला उडीची भीती बसली होती ना.

थोड्या वेळानं बाहुलीत जीव आला. तोंड धुऊन आलेल्या माणसाचा आवाज होता. पहिल्यांदा त्यानं मधेच गेल्याबद्दल माफी मागितली, आणि मग विचारलं, मामा, त्या सिंहासनाचं पुढं काय झालं? चालता चालता सांगताय का?

मी नाही म्हटलं. बसूनच सांगितलं. तेव्हा परीक्षकाचा अहवाल असा, की उभा कसा राहतो ते दिसलं नाही, नजर रंगवलेली होती, आणि पाय तर नव्हतेच. माझे दोन्ही शेरे मी खोडले आहेत. मला तो मुलगा आवडला, ताई, मनापासून आवडला. भिंगरीच्या बाबतीत मी डोळे मिटून कुणाला हो म्हणणार नाही हे तुला माहीत आहे. ती तुझी जेवढी तेवढीच माझी. यापुढं तुझी तांबडी शाई आणि तू.

कळावं. लोभ मुळातच इतका आहे की आणखी वाढवायला जागा नाही, तेव्हा आहे तेवढाच सांभाळून ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझी भावजय आता रोज दुपारी डबडं चढवून त्या घरात जाऊन येते. पहिल्याच दिवशी जिथं नेम धरला तिथं उतरली. परवा परत आली ती स्वयंपाकघराचा ओटा चुकीच्या भिंतीला आहे असं सांगत, आणि म्हणे त्या मुलानं तो हलवलासुद्धा. माझा सल्ला कुणी विचारत नाही.

ता. क. दुसरा. वर मी लिहिलंय की मुलगा आत गेला आणि थोड्या वेळानं आला. मधलं गाळलं, कारण ते अहवालात बसत नव्हतं. तो गेल्यावर आम्ही दोघंच बाकापाशी होतो. भिंगरीनं विचारलं, मामा, आईचं पत्र आलं होतं ना, तिनं माझ्याबद्दल काय विचारलं? ताई, तुझं पत्र मला पाठ आहे. त्यात उभं राहणं आहे, चालणं आहे, नजर आहे. पोरीबद्दल अक्षर नाही. मी म्हटलं, विचारलंय तर, वेळेवर जेवते का म्हणून विचारलंय. बाहुलीच्या गालांवर हसू होतंच, ते काही पुसता येत नाही. पण तिचे दोन्ही हात एकदम खाली गेले. मग म्हणाली, तिला सांग, जेवते. आणि जरा थांब, डोळ्यांवरच्या काचेवर वाफ धरलीय, पुसून येते.

ता. क. तिसरा, आणि हे खरं पत्र. आई येत्या रविवारी स्वतः फोन करून हेच विचारणार आहे, असंही मी तिला सांगून बसलोय.